चौथ्या टप्प्याचा शिक्का

३ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

त्या दिवशी सकाळी मी आधी दुकान झाडलं. आदल्या दिवशीचे पुठ्ठ्याचे तुकडे पोत्यात भरले. खळीचं भांडं शेगडीवर चढवलं आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून ढवळत उभी राहिले. टेबलाच्या कडेला वाळलेला सरस सुरीनं खरवडला, भिंतीवरच्या घड्याळाला चावी दिली, दोन मोठ्या किटल्या घासून पालथ्या घातल्या. तुझा दादा शिक्क्याची तारीख लावत होता, जिभेचं टोक दातात धरून. खिडकीवर दव गोठून काच पांढरी झाली होती.

काल तुझं कार्ड आलं. ‘यंदा हिवाळी दोनशेला नाव दिलंय’, एवढं एकच वाक्य. ते वाचून मला नऊ वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवली. दुपार तुला आठवत असेलच.

भिंगरी, रागावू नकोस, पण मला हे पटलेलं नाही. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास, आणि रस्ता तोच, अरुंद गल्लीसारखा, जिथे समोरून गाडी आली तर सायकल कुंपणाला टेकवून उभं राहावं लागतं. तू तेव्हा सत्तेचाळीसची होतीस, आता छप्पन्नची आहेस. चढ तेवढेच आहेत, मी खात्री करून घेतली. थंडीत तुझी बोटं पांढरी पडतात, हे तुझ्या दादानंच मला सांगितलं होतं. ज्या बोटांना काही कळत नाही ती उतारावर ब्रेक काय दाबणार? उत्तरेकडच्या उताराला सकाळी दहापर्यंत ऊन लागत नाही. गेल्या वर्षी तिथे दोघं पडले. एकाची मान अजून पट्ट्यात आहे.

चौथा टप्पा अजून आपल्याच बाइंडिंगच्या दुकानात असतो. दोन वर्षं झाली तुझा दादा जाऊन. आयोजक शिट्टीमास्तर आले आणि म्हणाले, शिक्का तुम्हीच सांभाळा, बाहेरचं कुणी नको. म्हणून मी सांभाळते. एकशे तेवीस किलोमीटर झालेले असतात, माणसं आत येतात तेव्हा ओठ हलत नाहीत त्यांचे. दोन वाजून बारा मिनिटांनी बंद, मग कार्डावर शिक्का नाही. सायकलवाले ह्यांना ‘दोन-बारा’च म्हणायचे, तोंडावरसुद्धा. ह्यांना ते आवडायचं.

नाव मागे घेता येतं, मी विचारलंय. हौसच असेल तर उन्हाळ्यात ये, आपण दोघी नदीपर्यंत जाऊ. मी चालत, तू सायकलवर, सावकाश.

तुझी,
वहिनी


११ नोव्हेंबर

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. नाव मागे घेणार नाही.

मानेला पट्टा लागलेल्या माणसाची गोष्ट छान रंगवलीत. आमच्या इस्त्रीखान्यात वाचून दाखवली. इथली दवाखान्याची धुलाई बघणारी थोराड मुकादमीण म्हणाली, ‘तुझी वहिनी बातम्या लिहीत असती तर पेपर हातोहात खपला असता.’

मी बत्तीस वर्षं वाफेत उभी आहे. रोज तीनशे चादरी. थंडी म्हणजे काय हे आम्हाला फक्त घरी जाताना कळतं, म्हणून ती जास्त चावते, हे खरं. पण मी तयारी करते आहे. सकाळी पाचला उठून टेकडीच्या तीन फेऱ्या, रविवारी ऐंशी किलोमीटर. ब्रेकची वायर नवी टाकली. मागे दोन दिवे बांधलेत, एक पडला तर एक राहावा म्हणून. रबरी चपलेचा पट्टा कापून पुढे चिखलाला आडवा लावलाय, ओंगळ दिसतो पण काम करतो.

तुमची खरी भीती मला कळली आहे. शिक्का तुमच्या हातात असेल आणि मी उशिरा येईन, मग त्या वेळेसारखा तमाशा होईल, हेच ना? त्या दिवशी दादानं सगळ्यांदेखत शिक्का झाकणात घातला आणि म्हणाला, ‘दोन-चौदा झाले. नियम सगळ्यांना सारखा.’ मी शिक्क्यांचं कार्ड टेबलावर आपटून निघून गेले. या वेळी तसं होणार नाही. उशीर झाला तर शिक्का मागणार नाही. दादाचा नियम मला चांगला पाठ झालाय, नऊ वर्षं पुरला.

तुम्ही निश्चिंत राहा.

भिंगरी


२० नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

‘तुम्ही’ कधीपासून म्हणायला लागलीस मला? लग्न होऊन आले तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस आणि पहिल्याच दिवशी म्हणालीस, ‘वहिनी, तुझे केस खोटे आहेत का?’ त्या दिवसापासून आपण ‘तू’वर होतो. आता हे अहो-जाहो पोस्टानं येतंय. परत पाठवते आहे, ठेवून घे.

मी निश्चिंत नाही. मी शिट्टीमास्तरांना सांगून पाहिलं, यंदा शिक्का दुसऱ्या कुणाला द्या, माझे गुडघे दुखतात. ते म्हणाले, ‘शिक्का गुडघ्यानं मारता का तुम्ही?’ निवृत्त कवायत-शिक्षकापुढे आजाराचं काही चालत नाही.

लोकरीचे हातमोजे पाठवते आहे. दुहेरी विणलेत. तुझ्या दादाचा राखाडी स्वेटर उसवून विणले, म्हणून मनगटाशी रंग थोडा वेगळा दिसेल, तिथे कोपराचं ठिगळ होतं. उसवताना वाईट वाटलं, पण स्वेटर कपाटात राहून काय करणार?

घरात तशी शांतता आहे. कामं थोडी येतात, मी शिवण घालते, पुस्तकं दाबायचा शिकंजा आवळायला मात्र दोन्ही हातांनी लोंबकळावं लागतं. तुला माहीत आहे, मी शाळेत गेले नाही. बांधायला आलेल्या पुस्तकांचे सुटे फर्मे, सोळा-सोळा पानांचे, वाचत वाचत शिकले. जो हाताला लागेल तो आधी. त्यामुळे कितीतरी गोष्टींचा शेवट मला आधी कळला आणि सुरुवात पुढच्या आठवड्यात. आपल्या दोघींच्या गोष्टीतला मधला एक फर्मा माझ्याकडे राहिलाय, असं मला हल्ली रोज वाटतं. हे पत्र मी तीनदा लिहिलं. आता टाकून येते, नाहीतर चौथ्यांदा लिहीन.

बोटांना रात्री खोबरेल लावत जा.

तुझी,
वहिनी


९ डिसेंबर

वहिनी,

हातमोजे पोचले. ऊब चांगली आहे. पण जाड इतके की ब्रेक धरल्यावर बोट दांडीवर आहे की हवेत आहे ते समजत नाही. मी मधल्या दोन बोटांची टोकं कापून कडा शिवून घेतल्या. दादाच्या स्वेटरला कात्री लावताना मलाही जरा वेळ लागला.

परवा टेकडीच्या उतारावर घसरले. फार काही नाही, कोपर आणि मांडी. सायकलला काही झालं नाही. मुकादमीण म्हणाली, ‘आधी सायकल बघितलीस की आधी स्वतःला?’ मी म्हटलं सायकल. ती म्हणाली, ‘मग तू जाशीलच.’

तू (घे, तुझा ‘तू’) कुठल्या फर्म्याबद्दल लिहिलंस ते कळलं नाही. आजारी आहेस का? काही लपवत असशील तर सरळ लिही. सगळ्या घरात सरळ बोलणारी एकटी तूच होतीस.

भिंगरी


१६ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

मी आजारी नाही. सरळ लिहिते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की त्या सकाळी घड्याळाला चावी दिली. पुढचं लिहिलं नाही. चावी दिली आणि काटा खऱ्या वेळेच्या पाच मिनिटं पुढे नेऊन ठेवला.

त्यात वाईट हेतू काही नव्हता. जगाला वेळ शिकवणारा तुझा दादा जेवायला मात्र कधी वेळेवर उठला नाही. शिवण हातात असली की ‘आलोच’ म्हणायचा आणि भाजी गार व्हायची. म्हणून दोन-तीन आठवड्यांपासून मी घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा पाच मिनिटं पुढे ठेवत होते. त्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर उपयोग काय?

दरवर्षी शिक्क्याच्या दिवशी तो मनगटी घड्याळ बघायचा. त्या आठवड्यात ते दुरुस्तीला दिलेलं होतं. हे माझ्या डोक्यातून साफ गेलं. सकाळपासून सगळे वेळेत आले, त्यामुळे घड्याळाचा कुणाला फरक पडला नाही. मग तू आलीस. मी पडद्यामागे कप विसळत होते. तो मान वर करून भिंतीकडे बघून म्हणाला, ‘दोन-चौदा’, आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला.

तू वेळेत आली होतीस, भिंगरी. मी पडदा सारून एवढंच म्हणायचं होतं, ‘अहो, घड्याळ पुढे आहे.’ चार शब्द. बाहेर आठ-दहा माणसं होती, शिट्टीमास्तर होते. मला वाटलं, सगळे हसतील. दोन-बाराला बायको घरात खोटं घड्याळ दाखवते, असं होईल. तेवढ्यात तू गेलीस. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी तो जेवला नाही. नुसता बसून होता. म्हणाला, ‘बरोबरच केलं ना मी?’ आणि मी म्हटलं, ‘हो.’

हा ‘हो’ मला सात वर्षं त्याच्याबरोबर काढावा लागला. घड्याळ मी दुसऱ्या दिवशीच रेडिओवर लावून घेतलं, तेव्हापासून ते बरोबर आहे. तू यायची बंद झालीस. टपालवाला दारावरून गेला की तो म्हणायचा, ‘भिंगरी अजून रागावलीय.’ शेवटच्या महिन्यातही म्हणाला. मी उशी नीट केली.

तू टाकून गेलेलं कार्ड त्यानं जपून ठेवलं होतं. निळ्या कापडाचं छोटं कव्हर करून, जसं तो चांगल्या पुस्तकांना करायचा. तीन शिक्के आहेत, चौथी चौकट रिकामी.

म्हणून मला तू यायला नको होतीस. तुझी मान मोडेल ही भीती खरी आहे, पण ती सगळी नाही. मला त्या टेबलामागे बसून तुझ्या तोंडाकडे बघायची भीती वाटते.

आता तुला जे बोलायचं ते बोल.

वहिनी


३ जानेवारी

भिंगरी,

माझं १६ तारखेचं पत्र मिळालं का? नसेल मिळालं तर तसं कळव, मी परत लिहीन. मिळालं असेल आणि लिहायचं नसेल, तर नुसतं कोरं कार्ड टाक, म्हणजे तू धड आहेस एवढं कळेल. इथे सहा दिवस पाणी गोठतंय.

वहिनी


१० जानेवारी

वहिनी,

धड आहे. पत्र पहिल्याच दिवशी मिळालं. मी काय करत होते सांगू? तुझ्यावर रागावता येतंय का ते बघत होते. रागावता आलं असतं तर फार सोयीचं झालं असतं.

मला माहीत होतं.

माझ्या मनगटावर घड्याळ होतं ना. दारात सायकल टेकवली तेव्हा मी बघितलं होतं. दोन वाजून नऊ. मनात म्हटलं, तीन मिनिटं आहेत, हळूहळू जाऊ. आत आले आणि दादा म्हणाला दोन-चौदा. मी बाही वर करून त्याला दाखवू शकत होते. बाकीच्यांनाही विचारू शकत होते, कुणीतरी घड्याळ बघितलंच असतं.

मी दाखवलं नाही, कारण मला बरं वाटलं. माझी बोटं मेली होती. शेवटच्या उतारावर दोनदा ब्रेक लागला नव्हता आणि मी मोठ्यानं रडत खाली आले होते. अजून सत्त्याहत्तर किलोमीटर होते. मी दारातून आत आले ती देवाला सांगत, की आता कुणीतरी मला थांबव. आणि दादानं थांबवलं. मग मी कार्ड आपटलं. आपटायलाच हवं होतं, नाहीतर मी सुटले हे माझ्या तोंडावर दिसलं असतं.

इस्त्रीखान्यात मी ही गोष्ट शंभरदा सांगितली असेल. सख्ख्या भावानं दोन मिनिटांसाठी परत पाठवलं. सगळ्या ‘अरेरे’ करायच्या. सांगता सांगता ती माझी झाली, इतकी की मग घरी यायची सोय राहिली नाही. आले असते तर त्याच्यासमोर तीच गोष्ट सांगावी लागली असती, आणि त्याला खोटं पकडता यायचं, फक्त तुझं सोडून.

तू चार शब्द बोलली नाहीस. मी बाही वर केली नाही. मधल्या मधे तो बिचारा ‘बरोबरच केलं ना’ म्हणत बसला. आपल्या दोघींपैकी कुणाचं जास्त चुकलं ते मोजायला मला आता जमणार नाही.

म्हणून मी नाव दिलंय. दुसरं कारण नाही. ते सत्त्याहत्तर किलोमीटर माझ्याकडून राहिलेत.

रविवारी, २१ तारखेला मी येईन. भीती मलाही वाटते. एकच सांगते. उशीर झाला तर मला शिक्का मारू नकोस. दया केलीस तर मी परत सुटेन.

भिंगरी


२३ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तू फोनवर फार दमलेली होतीस आणि मला फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते. तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे. माझ्या बाजूचं ऐक.

रविवारी सकाळी सात वाजता घड्याळ रेडिओबरोबर मिळवलं. शिट्टीमास्तरांना त्यांच्या घड्याळात बघायला लावलं. त्यांचंही तेच. किटल्या चढवल्या. धुकं इतकं होतं की समोरचं दार दिसत नव्हतं. पहिला गडी साडेदहाला आला, त्याच्या भुवयांवर बर्फ होतं. मग एकेक येत गेले. प्रत्येकाला मी विचारत होते, राखाडी हातमोजेवाली बाई दिसली का? कुणी म्हणे नाही, कुणी म्हणे मागे आहेत. एक वाजता एकजण म्हणाला, ‘त्या उत्तरेच्या उतारावर सायकल हातात धरून चालताहेत. आख्खा उतार चालताहेत. बरोबर करताहेत, आम्ही तिघं आपटलो.’ मला आधी हायसं वाटलं आणि मग मी हिशेब केला. चालत म्हणजे पाऊण तास गेला.

दोन वाजले. दोन-पाच झाले. दुकानात मी आणि शिट्टीमास्तर दोघंच. दोन-आठला ते उठले, म्हणाले, ‘मी जरा किटली बघतो,’ आणि पडद्यामागे गेले. किटली टेबलावरच होती. स्टूल घड्याळाखालीच होतं. तुला खोटं सांगत नाही, मी त्याच्यावर चढले. काच उघडली. पाच मिनिटं मागे, बस. हाताला ते काम ओळखीचं आहे.

मग काटा माझ्या बोटासमोरून दोन-नऊवर गेला. मी काच लावली आणि खाली उतरले.

दोन-बाराला शिक्का डब्यात घातला, झाकण लावलं. शिट्टीमास्तर बाहेर आले, डबा बघितला. मग नाक शिंकरलं.

आणि तू दारात आलीस. चिखलानं माखलेली, एका बाजूनं पूर्ण ओली.

‘किती?’ म्हणालीस.

‘दोन-पंधरा.’

‘खरे?’

‘खरे.’

आणि तू हसायला लागलीस. मला वाटलं हिला वाऱ्यानं काही झालं. ‘वहिनी, तोंड बघ तुझं! दादा परवडला!’ मला पण हसू आलं आणि मग ते थांबेना. शिट्टीमास्तर आपले चहा ओतत राहिले, कप भरला तरी.

तुझी बोटं मी हातात घेतली तेव्हा ती मेणासारखी होती. चोळता चोळता मी म्हटलं, मास्तरांची गाडी आहे, ते सोडतील तुला. तू म्हणालीस, ‘गाडीत मास्तरांना बसव, त्यांना थंडी वाजतेय.’ माझ्या मनात आलं की दार लावून घ्यावं आणि कुलूप घालावं. मी तुला दुसरे मोजे दिले आणि दार उघडून धरलं. दोन वाजून सव्वीस मिनिटांनी तू वळणावर दिसेनाशी झालीस. मागचे दोन्ही दिवे चालू होते, ते मी बघितलं.

त्यानंतरचे तास मी कसे काढले ते लिहीत नाही. सगळे कप दोनदा धुतले. अंधार पडला तेव्हा मी मनात तुझ्याबरोबर एकेक चढ चढत होते आणि प्रत्येक उतारावर उतरून चालत होते. साडेसातला मास्तरांचा निरोप आला की शेवटचा टप्पा बंद झाला, तू आली नाहीस. सव्वाआठला फोन वाजला आणि मी तो उचलायच्या आधी खुर्चीची पाठ धरली.

‘पोचले गं. सगळे गेलेत. रखवालदार म्हणतो, बाई, कार्यक्रम संपला.’

तेवढंच बोललीस. मी इकडे भिंतीकडे बघून, ह्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, ‘पोचली.’

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं, झाडलं, आणि निळ्या कापडातलं तुझं जुनं कार्ड काढलं. शिक्क्याचे रबरी पट्टे एकेक करून नऊ वर्षं मागे फिरवले. ते साल अजून होतं, अगदी कडेला. चौथ्या चौकटीत शिक्का मारला आणि खाली वेळ लिहिली, दोन वाजून नऊ. शाई वाळेपर्यंत थांबले आणि कार्ड तुझ्या पत्त्यावर टाकून आले.

तुझी,
वहिनी